काकांची लेन्स आणि १९८७ चा निर्णय

गेले तीन वीकेंड एकच किडा डोक्यात वळवळतोय - कॅनन घ्यावा की निकॉन? मेगापिक्सेल, बॅटरी, वजन, किंमत... सगळ्याची एक्सेल शीट झाली. "लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हतास," इति बायको. असो.

त्यात परवा काकांनी त्यांच्या जुन्या कॅनन एई-१ ची ५० एमएम लेन्स हातात ठेवली. "बघ रे, तुझ्या नव्या कॅमेऱ्याला बसते का." आणि माझ्या लक्षात आलं की शीटमध्ये 'माउंट' हा कॉलमच नाहीये!

माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते ते कडं. बॉडी बदलत राहते, लेन्स टिकतात. म्हणजे आपण ब्रँड निवडतो तेव्हा खरं तर माउंट निवडतो. बाकी गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या ओळखीचीच आहे: बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी.

निकॉनचा एफ-माउंट १९५९ चा, कॅननचा एफडी १९७१ चा. १९८५ साली मिनोल्टाने ऑटोफोकसवाला ७००० आणला, तो धडाक्यात खपला आणि या दोघांची धावपळ उडाली. निकॉनने माउंट तोच ठेवला. मोटर बॉडीत बसवली आणि एका छोट्या स्क्रूने लेन्स फिरवली. जुनी गिऱ्हाईकं खूश. कॅननने मात्र १९८७ साली पाटी कोरी केली! नवा ईएफ माउंट, मोटर प्रत्येक लेन्समध्ये, बॉडीशी बोलणं फक्त विजेच्या संपर्कांतून. एफडी लेन्सना साधं अडॅप्टरही चालेना, कारण माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४२ एमएमचं ४४ झालं आणि लांबचं फोकस होईना. ज्यांच्याकडे बॅगभर एफडी लेन्स होत्या, त्यांचं काय झालं असेल!

तेव्हा मी डोळे मिटून निकॉन घेतला असता.

पण खरी गंमत २०१८ ची. मिररलेससाठी दोघांनीही माउंट बदलले: निकॉन झेड आणि कॅनन आरएफ. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालतात, कारण मोटर त्यांच्या पोटातच आहे. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मात्र मोटर नाही, त्यामुळे त्या स्क्रूवाल्या लेन्स हाताने फिरवा! १९८७ साली ज्याने गिऱ्हाईक दुखावलं, त्याचंच पुढचं स्थलांतर सोपं झालं. (आमच्याकडे असा 'रीराइट' कोणी सुचवला तर मी आधी विरोधच करीन, हे कबूल.)

आणि काकांची एफडी? आरसाच गेल्यामुळे ते अंतर आरएफमध्ये २० आणि झेडमध्ये १६ एमएमवर आलं. मधल्या जागेत साधं धातूचं कडं बसतं. म्हणजे ती दोन्हीकडे चालते, आणि माझ्या नव्या कॉलममध्ये दोघांनाही सारखेच मार्क!

कॅननची खोट म्हणजे आरएफचं दार सिग्मा-टॅमरॉनला २०२४ साली उघडलं, तेही छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरतं. झेडला बाहेरच्या लेन्स जास्त मिळतात. पण माझं बजेट सेकंडहँड ईएफ लेन्सचंच आहे. तेव्हा कॅनन.

काकांना फोन करून सांगितलं, लेन्स बसेल, पण फोकस हातानेच करावा लागेल.

"मग आत्तापर्यंत मी कशाने करत होतो?"