सर्क्युलर तिकीट

आमचे अण्णा दक्षिणयात्रेला निघायचे ते सर्क्युलर तिकिटावर. सुरुवात आणि शेवट पुण्यालाच, वाटेत फार तर आठ ठिकाणी उतरायची मुभा. लांब पल्ल्याला किलोमीटरमागचं भाडं उतरत जातं. त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त. पण तिकीट म्हणजे बर्थ नव्हे! पुढच्या आरक्षणासाठी पुण्याहून मदुराईला तार जायची. उत्तर आलं तर ठीक, नाहीतर दाराजवळ होल्डॉलवर बसून रात्र काढायची (अण्णांना त्याचंही कौतुक). १९८६ साली दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं, हळूहळू देशभर पोचलं आणि तारा थांबल्या. परदेशी पर्यटकांचा इंडरेल पासही बंद झाला. सर्क्युलर तिकीट मात्र टिकून आहे. चार-पाच गावं करायची असतील तर तेच काढा. बर्थचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेवढं सांभाळा.