राखेच्या विटा (वऱ्हाड)

औष्णिक वीजकेंद्रातील फ्लाय ॲश, चुना किंवा सिमेंट, जिप्सम आणि क्रशरची चुरी यंत्रात दाबून तयार केलेल्या, भट्टीत न भाजता पाणी मारून पक्क्या होणाऱ्या विटा. वऱ्हाडात राख दाराशीच आहे : अकोला जिल्ह्यात महानिर्मितीचे पारस केंद्र (२५० मेगावॉटचे दोन संच) आणि अमरावतीजवळ नांदगावपेठचे खासगी केंद्र. पूर्णाखोऱ्यातील काळी माती सुकताना तडकते, त्यामुळे ती एरवीही विटांना फारशी धार्जिणी नाही. केंद्र सरकारने १९९९ च्या अधिसूचनेने बांधकामात राखेचा वापर सक्तीचा केला. राज्याचे राखधोरण २०१६ मध्ये आले. भांडवल बेताचे असल्याने लहान उद्योजकालाही हा धंदा झेपतो; मात्र राख लांबून आणली, तर वाहतूकच नफा खाते.

या विटेचे ‘कमी कार्बन’ हे बिरूद तपासून घ्यावे. भट्टीचा कोळसा वाचतो, हे खरे; पण सिमेंट वाढले की बचत घटते आणि राख मुळात कोळशाचीच. पाण्याचाही प्रश्न आहे : पूर्णाखोऱ्यातील खारपाणपट्ट्यात बोअरचे खारे पाणी मारल्यास विटांना लोणा लागतो, म्हणून कारखान्याची जागा ठरवताना राखेइतकेच गोड्या पाण्याचेही अंतर मोजावे लागते.