गव्हाचे मोल

परदेशी मदतीच्या नीतीचा विचार करताना देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याची कृतज्ञता या दोनच गोष्टी सहसा तोलल्या जातात. दानाबरोबर येणारा अधिकार मात्र तागडीत पडत नाही. अमेरिकेच्या 'पब्लिक लॉ ४८०' या कायद्याचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

हा कायदा जुलै १९५४ मध्ये झाला, तेव्हा अमेरिकेची कोठारे शिलकी धान्याने भरून वाहत होती आणि त्या धान्याला गिऱ्हाईक हवे होते. भारताशी करार १९५६ मध्ये झाला. गव्हाची किंमत रुपयांत चुकवायची आणि ते रुपये अमेरिकेच्या नावे इथेच साठायचे, अशी योजना होती. डॉलरची चणचण असलेल्या देशाला हे सोयीचेच होते. ज्वारी-बाजरीच्या घरांतही रेशनचा गहू शिरला. अशा स्वस्त धान्याने स्थानिक शेतकऱ्याचा भाव पडतो, असा इशारा अर्थशास्त्रज्ञ शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच दिला होता.

खरी कसोटी लागली ती १९६५-६६ च्या अवर्षणात. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा तेव्हा भारतात आला आणि त्याने असंख्य जीव वाचविले, हे कोणीही नाकारू नये. परंतु अध्यक्ष जॉन्सन तो गहू थोडा थोडा, हात आखडून सोडीत होते. भारताने शेतीचे धोरण बदलावे आणि व्हिएतनामविषयी बोलताना जीभ आवरावी, ही त्यांची अपेक्षा होती. शेतीविषयीचा आग्रह गैर नव्हता. अन्नमंत्री सुब्रह्मण्यम यांनाही तेच हवे होते. तथापि भुकेल्याचे ताट धरून ठेवून दिलेला योग्य सल्लाही अनीतीचाच होय, असे माझे मत आहे.

साठलेल्या रुपयांपैकी १६६४ कोटींचा धनादेश फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला परत दिला. पण त्या रुपयांचा आणखी एक विनियोग साहित्यसेवकांना ठाऊक असावा. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यातून भारतीय भाषांतील ग्रंथ आणि नियतकालिके विकत घेऊन अमेरिकेतील विद्यापीठांना पाठविली. त्यांत मराठीही होती. याला लूट म्हणता येत नाही. रोख मोल देऊनच ती घेतली गेली. गव्हाने आपले ताट बदलले, आणि त्याच गव्हाच्या पैशाने तिकडे मराठीच्या अभ्यासाची सामग्री जमली. आपल्या किती ग्रंथालयांनी त्या वर्षांतील मराठी नियतकालिके तितक्या निष्ठेने जमविली आणि बांधून ठेविली?