सोंदूर की घुंगरू

नानांचा ब्लॉग मी २००६ च्या दिवाळीत सुरू करून दिला. नाना म्हणजे माझे वडील. वाई तालुक्यात मास्तरकी झाली, आणि निवृत्तीनंतर शेतातले मोडीत निघालेले शब्द वहीत उतरवून ठेवायचा नाद लागला. मी पुण्यात मुद्रितशोधनाची कामं करायचे. काना-मात्रा तपासणं हा माझा धंदा. 'ब्लॉग'ला त्या काळी मराठी संकेतस्थळांवर 'अनुदिनी', 'जालनिशी' असे शब्द निघाले होते. नानांनी दोन्ही ऐकून घेतले आणि म्हणाले, "आपला ब्लॉगच बरा."

त्यांचा पहिला लेख मोटेवर होता. मोट ओढतो तो नाडा, जाड दोर. मोटेची सोंड वर धरून ठेवतो तो सोंदूर, बारीक दोर. मोट विहिरीच्या तोंडाशी आली की सोंड थारोळ्यात सुटते आणि पाणी पाटाला लागतं. सोंदूर दिसायला किरकोळ, पण तो तुटला तर मोट वर येईतो रिकामी. बैलाच्या गळ्यातली घुंगरं मात्र हौसेची. हे मला टंकताना पाठ झालं आणि पुढे प्रत्येक प्लगिनपुढे नानांचा तोच प्रश्न असायचा: "हे सोंदूर की घुंगरू?"

प्लगिन या प्रकाराला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. वर्डप्रेसचं पहिलं रूप मे २००३ मधलं; मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी 'बीटू' नावाच्या जुन्या प्रणालीच्या पायावर ते उभं केलं. सुरुवातीला काही वेगळं हवं असेल तर मूळ फायलीत हात घालावा लागे, किंवा 'माय-हॅक्स' नावाची एक फाईल असे तिच्यात आपली ठिगळं लावावी लागत. नवी आवृत्ती आली की ठिगळं गेली वाहून. मे २००४ मध्ये १.२ आवृत्ती निघाली आणि तिच्यात प्लगिनची सोय आली: मूळ मजकुराला हात न लावता बाहेरून जोडायचं, नको झालं की काढून टाकायचं. या आवृत्त्यांना जॅझ वादकांची नावं देतात, ही 'मिंगस'. त्याच महिन्यात 'मूव्हेबल टाइप' या तेव्हाच्या लोकप्रिय प्रणालीने परवान्याचे नियम आणि दर बदलले. चिडलेले बरेच लोक उठून वर्डप्रेसकडे आले. येताना त्यांच्या गरजाही आल्या, आणि प्लगिनं भराभर वाढली.

आम्ही सुरुवात केली तेव्हा काही प्लगिनं आधीपासूनच आत होती. एक 'हॅलो डॉली'. आतल्या पानाच्या कोपऱ्यात लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्याची एखादी ओळ दाखवायची, बस. शुद्ध घुंगरू. दुसरं 'अकिस्मेट', २००५ मधलं, कचरा अभिप्राय गाळणारं. कंपनीचं नाव 'ऑटोमॅटिक', त्याला 'किस्मेट' जोडून केलेलं हे नाव. इंग्रजीतलं ते किस्मेट म्हणजे आपलंच किस्मत. नानांना ही व्युत्पत्ती इतकी आवडली की ते त्याला 'नशीब' म्हणत. पहिल्याच महिन्यात एका सकाळी मोटेच्या लेखाखाली जुगार आणि औषधांच्या जाहिरातींची रांग लागली, तेव्हा मी नशीब चालू केलं. तो दिवस सोडला तर नानांनी कचरा पाहिला नाही.

मराठी ब्लॉगाची खरी अडचण कचऱ्याच्या आधीच सुरू व्हायची. वाचक फोन करायचे, "नुसते चौकोन दिसतायत." विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण प्रादेशिक भाषांच्या पानावर एक खूण करावी लागे, आणि बऱ्याचदा मशीनबरोबर आलेली सीडी मागितली जाई. त्याच्याही आधी किरण, शिवाजी अशा फाँटांचं राज्य होतं. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला मजकूर रोमन अक्षरांचा काला दिसायचा. युनिकोडमुळे तो प्रश्न मिटत आला होता. मी 'बरहा'त टंकून चिकटवायचे. वाचकांनी देवनागरीत अभिप्राय लिहावा म्हणून चौकटीत 'गमभन' बसवलं, रोमन कळा दाबून देवनागरी उमटवणारं. त्याचा परिणाम असा की "फारच छान" असं रोमनमध्ये लिहून पळणारे लोक चार-चार ओळी लिहायला लागले. एका बाईंनी तर सोलापूरकडचे मोटेचे शब्द पाठवले. नाना म्हणाले, "हे सोंदूर."

मग मोठा फटका बसला. २००७ च्या मे महिन्यात वर्डप्रेसची २.२ आवृत्ती आली. तिच्यात विजेटं मुळातच आली, त्याचं कौतुक होतं. माझं लक्ष विजेटांकडे होतं. अक्षरसंचाच्या ओळीकडे गेलं नाही. जुन्या आवृत्तीत मजकूर युनिकोडात लिहिला तरी साठवणीचे तक्ते बहुधा लॅटिन म्हणून नोंदलेले असत. दोन्हीकडे एकच चूक, म्हणून काम चालून जायचं. नव्या मांडणीत ती ओळ आली आणि ती मी वरवर भरली. पान उघडलं तर नानांचे एकतीस लेख गायब आणि जागोजाग डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं, त्यातला पहिला लॅटिनमध्ये वाचला की तो ए निघतो. दुसऱ्या बाइटाचं काही ठिकाणी कसलंसं चलनचिन्ह होतं, आणि जिथे दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडलेला असेल तिथे चक्क येनचं चिन्ह. मुद्रितशोधकाच्या जन्मात असं प्रूफ पाहिलं नव्हतं. नानांनी फोनवर ऐकून घेतलं आणि विचारलं, "जपान्यांनी मानधन पाठवलं म्हणायचं का?" ती ओळ पुसून पुन्हा जुन्यासारखं केलं तेव्हा लेख परत आले. तेव्हापासून काहीही नवं बसवण्याआधी सगळ्या मजकुराची प्रत उतरवून घेते.

पण माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो एका अर्ध्या र ने. नानांनी एकदा आपल्याच ब्लॉगावर 'कऱ्हाड' शोधलं. सातांपैकी तीन लेख निघाले. बाकी चारांत शब्द डोळ्यांना अगदी तसाच होता. शोधाची तीन प्लगिनं बदलून पाहिली, तेच. शेवटी अक्षर फोडून पाहिलं. मराठीचा हा चंद्रकोरीसारखा र दोन वाटांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. मी आधी एका साधनात टंकत होते, नंतर दुसऱ्यात; दोघांनी आपापली वाट धरली होती. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. वऱ्हाड, गोऱ्हा, दऱ्या सगळ्यांची तीच गत. जगभरातल्या हजारो प्लगिनांत यावर काही मिळालं नाही, आणि मिळणार तरी का? हा र त्या लोकांच्या गावीच नाही. भाच्याने मला सहा ओळींचं प्लगिन लिहून दिलं: लेख साठवताना एका वाटेचा र दुसऱ्या वाटेचा करायचा. ते आजही चालू आहे.

पानाच्या पत्त्याचंही असंच. मथळ्यावरून पत्ता आपोआप होतो, पण एका देवनागरी अक्षराची टक्क्याच्या खुणांसकट नऊ चिन्हं होतात आणि मर्यादा दोनशेची. म्हणजे बावीस अक्षरं, त्यांत काने-वेलांट्याही मोजायच्या. त्यासाठी प्लगिनं होती. मी बसवली नाहीत. पत्ता हाताने रोमनमध्ये लिहिते, दहा सेकंद लागतात.

डिसेंबर २००८ च्या २.७ आवृत्तीपासून प्लगिन आतूनच एका कळीसरशी बसवता यायला लागलं. आधी एफटीपीने फाईल चढवावी लागे, त्या कटकटीत निम्मा मोह गळून जायचा. आता मोह आणि कृती यांच्यात अंतरच राहिलं नाही. माझ्या मते ब्लॉग जड व्हायला तिथून सुरुवात झाली. माझ्याकडेही एका वर्षात तेवीस झाली होती: पंचांग, फिरती छायाचित्रं, 'हेही वाचा', बर्फ पाडणारं एक. वाईत बर्फ! पान उघडेपर्यंत नानांचा चहा निवायचा. मग दर पाडव्याला मी एकेक बंद करून पाहायला लागले. आठवड्यात कुणाच्या लक्षात आलं नाही तर काढलं. जे वर्षानुवर्षं सुधारलेलं नाही तेही काढलं. मालक कोण हेही बघायला लागले, कारण २०१७ च्या अखेरीस तीन लाखांच्या आसपास ठिकाणी चालू असलेलं एक कॅप्चाचं प्लगिन विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाने अद्ययावत करण्याच्या नावाखाली त्यात चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं. नानांना हे समजावताना मी म्हटलं, गडी बदलला आणि किल्ली जुनीच. त्यांना लगेच कळलं.

तेविसांची सहा झाली. सातवं एकच अडून बसलं होतं, भेटींचा आकडा दाखवणारा काउंटर. काळ्या पट्टीवर हिरवे आकडे. तो बाहेरच्या कुठल्याशा सेवेवरून यायचा, पान त्याच्यासाठी खोळंबायचं, आणि एक दिवस ती सेवाच बंद पडली. मी पट्टी काढून टाकली. चौथ्या दिवशी नानांचा फोन.

"आकडा कुठे गेला?"

"नाना, ते घुंगरू होतं. तुम्हीच म्हणायचात."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, घुंगरं वाजत असली की घरात बसून कळायचं, मोट चालू आहे."

पट्टी मी परत लावली नाही. सर्व्हरच्या नोंदीतून आकडा काढते आणि रात्री फोनवर सांगते. काल एकोणीस होता.