मिरजेची दुसरी सीमा

हुबळीला दक्षिण पश्चिम रेल्वेचं म्युझियम ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झालं. आत जुन्या रेल्वे बंगल्यांना मलप्रभा आणि घटप्रभा अशी नावं आहेत. मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, घटप्रभा गोकाकला कोसळते. म्हणजे नावापासूनच ते आपलं. आवारात नॅरो गेजची इंजिनं आहेत. नातवंडं हमखास विचारतात, "आजोबा, ही एवढी लहान का?" या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या भागाचा बराच इतिहास आहे, म्हणून लिहितोय.

दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज. ब्रॉड 1676 मिलिमीटर, मीटर 1000, नॅरो 762. इंजिनाच्या नावातलं पहिलं अक्षरच ते सांगतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉड, वाय मीटर, झेड नॅरो. मीटर गेजवर 'वायपी' पॅसेंजर ओढायचं, 'वायजी' मालगाडी.

1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. तिने पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा असा मीटर गेज टाकला. मिरज-कोल्हापूर फाटा 1891 मध्ये सुरू झाला. 1956 ला राज्याची सीमा आली, तरी रूळ एकच होता. बेळगावात बसलेला माणूस त्याच रुळावरून पुण्याला जायचा.

1971 मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉड गेज झाला. त्यांची सोय झाली, चांगलंच झालं. पण मिरजेच्या खालचा मार्ग मीटरच राहिला आणि मिरजेला आपल्यासाठी दुसरी सीमा उभी राहिली. ट्रंका, वळकट्या, पोरंबाळं घेऊन तिथे गाडी बदलायची. त्यात बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज आधीपासून होतीच. तिन्ही गेज एकाच जंक्शनात! आषाढीला आपले वारकरी मीटर गेजने मिरज आणि तिथून छोट्या गाडीने पंढरपूर गाठायचे.

आम्हा बँकवाल्यांना ही सीमा कागदावर दिसायची. व्यापाऱ्याच्या बिलासोबत रेल्वे रिसीट, म्हणजे आर.आर. यायची. गेज बदलला की माल एका वॅगनीतून उतरवून दुसरीत भरायचा. त्यात दिवस जायचे. माल आल्याशिवाय पार्टी बिल सोडवायची नाही आणि व्याज चढत राहायचं. निपाणीला तर रेल्वे आलीच नाही. गाडी धरायला कोल्हापूर नाहीतर चिकोडी रोड. त्यामुळे तिथल्या तंबाखूच्या बिलांना ट्रकची एल.आर. जोडलेली असायची.

1992 पासून देशभर एकच गेज करायचं काम जोरात सुरू झालं आणि त्याच दशकात आपला मार्गही ब्रॉड झाला. राज्यांच्या सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. रुळांची सीमा मात्र तेव्हाच पुसली गेली.

म्युझियमने इंजिन जपलं, फार मोठं काम केलं. पण रात्री मिरजेच्या फलाटावर दुसऱ्या गाडीची वाट बघत बसलेली आपली माणसं कुठल्या काचेच्या कपाटात ठेवणार? ती आपणच लिहून ठेवायला हवीत. घरात जुनं तिकीट, पास, रेल्वेतल्या आजोबांचा फोटो असेल तर मागे साल आणि स्टेशन लिहून ठेवा. आठवणी खाली जरूर लिहा. पुढच्या पिढीला ब्रॉड गेजच माहीत आहे हो.