जलपर्णीवर फोडलेले खापर

उन्हाळा तोंडावर आला की कल्याणजवळच्या मोहने बंधाऱ्यापाशी उल्हास नदीचे पाणी दिसेनासे होते आणि वर्तमानपत्रांत ‘जलपर्णीचा विळखा’ हा ठरलेला मथळा येतो. मग निविदा निघतात, यंत्रे पात्रात उतरतात, काठावर हिरवे ढीग पडतात आणि पावसाळ्यात नदी उरलेले स्वतःच वाहून नेते. या साऱ्या वर्णनात जलपर्णी ही शत्रू असते आणि नदी तिच्या तावडीत सापडलेली असते. उल्हासचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र हे चित्र उलटे दिसते. या वनस्पतीला हवे तसे पाणी आपण टप्प्याटप्प्याने तयार केले. ती त्यात रुजली, इतकाच तिचा वाटा आहे.

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला खाडीला मिळते. ही खाडी हेच कल्याणच्या जुन्या बंदराचे भांडवल. कोकणातल्या इतर नद्यांप्रमाणे उल्हासही पावसाळ्यात दुथडी भरायची आणि उन्हाळ्यात तिचे डोह उरायचे. तो स्वभाव १९२२ मध्ये बदलला. त्या वर्षी टाटांचे भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर आंध्रा नदी अडवून साठवलेले पाणी, जे एरवी इंद्रायणी-भीमेतून पूर्वेला गेले असते, ते बोगद्यातून आणि नळांतून कड्याखाली उतरू लागले आणि वीज करून उल्हासच्या खोऱ्यात बारमाही वाहू लागले. या पाण्यानेच पुढचा सगळा पसारा शक्य केला. स्वातंत्र्याच्या सुमारास मोहन्याला नॅशनल रेयॉन आणि त्यानंतर शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. रेयॉनचा धंदा पाण्यावाचून चालत नाही. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीतल्या निर्वासितांच्या वसाहतीचे उल्हासनगर झाले आणि सुमारे लाखभर सिंधी माणसे, सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत, नदीलगत स्थिरावली. १९६४ मध्ये डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आली, १९७२ मध्ये बारवी धरण झाले. पाणी उचलायचे तर ते आधी थांबवावे लागते, म्हणून पात्रात बंधारे आले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बदलापूर लाखाच्या आतून पावणेदोन लाखांच्या घरात गेले. घरे झाली, नळ आले, पण मैलापाण्याची सोय मागे राहिली. उल्हासनगरचा खेमाणी नाला नदीला मिळतो ती जागा या सगळ्या इतिहासाचा निकाल आहे. बारमाही, संथ आणि खतावलेले पाणी असे तयार झाले.

जलपर्णीचे एक रोप उपटून हातात घेतले की तिची रचना कळते. देठ कांद्यासारखे फुगीर असतात. नखाने दाबले तर आत स्पंज आणि हवा, म्हणून ती तरंगते. खाली काळसर जांभळ्या मुळांचा झुपका लोंबतो, मातीला न टेकता पाण्यातूनच नत्र आणि स्फुरद ओढणारा. बाजूने धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला नवे रोप, त्याला पुन्हा धुमारा. ऊन आणि खत भरपूर असले की आठवड्या-दोन आठवड्यांत तिचा विस्तार दुप्पट होतो. बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो, आणि याच देखणेपणापायी लोकांनी ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातून जगभर नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात पोचली. तिथे तिने भातखाचरे आणि जलमार्ग असे व्यापले की १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा झाला आणि १९३७ च्या निवडणुकीत तिचे उच्चाटन हे आश्वासन होऊन बसले. इफ्तेखार इक्बाल या इतिहासकाराने या प्रकरणात वेगळाच दुवा दाखवला आहे. रेल्वेच्या भरावांनी बंगालच्या पाण्याचा निचरा अडला आणि साचलेल्या पाण्यात जलपर्णी फोफावली. दंड मात्र शेतकऱ्याने आपल्या जमिनीतली जलपर्णी काढली नाही म्हणून व्हायचा, भराव घालणाऱ्याला नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत १८९० च्या दशकात ना रेयॉनचे कारखाने होते ना बदलापूरएवढी शहरे, तरी जलपर्णीने तिथे आगबोटी अडवल्या. म्हणजे परकी वनस्पती, तिला खाणारा किडा नव्या जागी नाही, एवढे कारण पुरेसे नाही का? शिरकावापुरते ते पुरेसे आहे, हे मान्य करायला हवे. पण दरवर्षी काढूनही ती तितक्याच जोमाने का येते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय असे पसरायला वनस्पती परकीच हवी असेही नाही. ब्रिटनच्या डोंगरांवर ब्रॅकन नावाचा नेचा तिथलाच आहे, आपल्या महाबळेश्वरलाही तो उगवतो. जंगल तुटले, माळ जाळले गेले, त्याला तुडवणारी गुरे जाऊन मेंढ्या आल्या आणि गोठ्यात अंथरायला त्याची कापणी करण्याची चाल मोडली, तेव्हा तो डोंगरच्या डोंगर गिळू लागला. वरून कापला तरी जमिनीखालचे खोड शाबूत राहते. जलपर्णीचेही तसेच, ती काढली तरी तिला पोसणारे पाणी शाबूत राहते.

दुसरा आक्षेप जलपर्णीच्या बाजूचा आहे. ती जड धातू आणि खते शोषते, तर राहू द्यावी. शोषते हे खरे, पण वेळेत बाहेर काढली नाही तर ती कुजून सगळे परत पाण्यातच सोडते, आणि तोवर खालचा प्राणवायू संपून मासे गुदमरतात. पाग टाकायलाच जागा उरत नाही तिथे आगरी-कोळ्यांनी तिच्या शुद्धीकरणाचे कौतुक काय करावे? तिसरा आक्षेप भुंग्यांच्या उपायाचा. तिच्यावरच जगणारे निओकेटिना भुंगे भारतात १९८० च्या दशकात सोडले गेले, बंगळूरच्या तलावांत त्यांचा उपयोगही झाला. व्हिक्टोरिया सरोवरात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जलपर्णीचा जोर मोडला, पण खतावलेल्या पाण्यात ती तिथे पुन्हा उगवली. भुंगा खातो त्यापेक्षा मैलापाणी अधिक वाढवत असेल तर भुंगा हरणारच.

यंत्रे बंद करा, असा याचा अर्थ नाही. कल्याण-डोंबिवलीची तहान, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेबारा लाख माणसांची, मुख्यतः याच नदीवर भागते, आणि उदंचन केंद्राच्या तोंडाशी आलेली जलपर्णी काढावीच लागेल. डोंबिवलीकरांची अडचण थोडी चमत्कारिक आहे. आपले सांडपाणी खाली खाडीत जाते, जिथे खारे पाणी लागताच जलपर्णी मरते. आपण पितो ते मात्र वरच्या गावांनी वापरून सोडलेले पाणी. त्यामुळे पालिकेच्या हद्दीत कितीही यंत्रे उतरवली तरी खत वरूनच येत राहणार. जलपर्णी किती टन काढली याचे आकडे दरवर्षी छापून येतात. त्याच्या शेजारी मोहन्याच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद किती, कर्जतपासून उल्हासनगरपर्यंतचे किती मैलापाणी प्रक्रियेविना आले, हे दोन आकडेही दरमहा छापावेत. पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दारात येईल तेव्हा यंत्राचे उद्घाटन कधी हे विचारू नका, हे आकडे मागा.