कामाच्या टेबलाची उंची: तीनशे वर्षांपूर्वीचा एक प्रश्न, जो मी विचारायला विसरलो

मानेचं दुखणं घेऊन एक काका माझ्याकडे आले. वय ६४, उंची ५ फूट ९ इंच, बँकेतून निवृत्त. मान, दोन्ही खांद्यांच्या मधला भाग आणि कंबर, तिन्ही दुखत होतं. हाताला मुंग्या नव्हत्या, ताकद व्यवस्थित होती. एक्स-रेमध्ये या वयात बहुतेकांना दिसते तेवढीच झीज. मी गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम दाखवले आणि सवयीनं "मोबाइल कमी बघा" असंही सांगून टाकलं.

तीन आठवड्यांनी काका परत आले. दुखणं जसंच्या तसं. उठता उठता काकू म्हणाल्या, "डॉक्टर, यांना जरा त्या सुतारकामातून उठायला सांगा. सकाळपासून बाल्कनीत वाकलेले असतात."

सुतारकाम? मी विचारलंच नव्हतं. 'निवृत्त' असं ऐकल्यावर कामाचा रकाना मी मनातल्या मनात रिकामाच सोडला होता.

काका नातवंडांसाठी लाकडी खेळणी बनवतात. बारीक पात्याच्या करवतीनं हत्ती-घोडे कापायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, रंगवायचे. रोज तीन-चार तास. टेबल स्वतः बनवलेलं, उंची ३० इंच. "ही उंची कुठून घेतली?" मी विचारलं. "एका परदेशी व्हिडिओतून. जुने युरोपियन सुतार साधारण एवढ्याच उंचीवर काम करायचे म्हणे. परंपरेनं ठरलेली उंची चुकीची कशी असेल?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना मी इतिहासात बराच मागे गेलो आणि पहिली भेट झाली ती एका डॉक्टरचीच.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) हे इटलीतल्या मोदेना शहरात वैद्यकी करायचे आणि शिकवायचे. त्यांच्या घराचा मैलाखड्डा उपसायला एक कामगार आला होता. तो जीव तोडून घाई करतोय हे पाहून रामाझ्झिनींनी त्याला विचारलं, एवढी घाई कशासाठी? त्यानं सांगितलं, की इथे चार तासांहून जास्त राहणं म्हणजे काय हे अनुभवल्याशिवाय कळणार नाही. डोळेच जायची वेळ येते. रामाझ्झिनींनी त्याचे डोळे तपासले. मग शहरातल्या एकेका धंद्याच्या कामगारांना ते भेटत गेले, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहत राहिले. त्यातून १७०० साली कारागिरांच्या आजारांवरचं त्यांचं लॅटिन पुस्तक आलं आणि १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती. रुग्णाला काय विचारावं याची यादी हिप्पोक्रेटिसच्या काळापासून चालत आलेली होती. रामाझ्झिनींनी तिच्यात एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता?

हाच प्रश्न मी काकांना विचारला नव्हता, आणि तोही एमडी होऊन पंचवीस वर्षं उलटल्यावर.

या पुस्तकातलं एक दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. शिंपी आणि चांभार यांच्या संघांची सणाच्या दिवशी शहरातून मिरवणूक निघायची. दोघे दोघे मिळून चाललेले, पाठीत वाकलेले, खांदे गोल झालेले, डुलत लंगडत जाणारे कारागीर. लोकांना हसू यायचं, असं रामाझ्झिनी लिहितात. दिवसभर मांडीवरच्या कामावर वाकून त्यांच्या पाठीनं तोच आकार घेतला होता. उभ्यानं काम करणाऱ्यांवरही एक प्रकरण आहे आणि त्यात सुतारही आहेत. पायांच्या शिरा फुगतात हे त्यांनी नोंदवलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एका जागी नुसतं उभं राहणं हे चालण्यापेक्षा जास्त थकवतं, कारण स्नायू सतत ताणलेले राहतात, हेही लिहिलं. आज आम्ही याला 'स्थिर ताण' म्हणतो. स्नायू आखडतो आणि सैल पडतो तेव्हा त्यातून रक्त खेळतं. तो आखडलेलाच राहिला, तर आतल्या दाबामुळे रक्तवाहिन्या चेपल्या जातात, रक्तपुरवठा कमी होतो आणि दुखायला लागतं. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पुढे झुकवून तासभर धरलं की मानेमागच्या स्नायूंचं नेमकं हेच होतं.

मग जुन्या सुतारांची टेबलं एवढी बुटकी कशी? कारण त्यांचं मुख्य काम होतं रंधा मारणं. यंत्रं येण्यापूर्वी प्रत्येक फळी हातानं सपाट करावी लागायची. रंधा मारताना नुसत्या दंडाचं बळ पुरत नाही. वरून शरीराचं वजन टाकावं लागतं आणि पायांनी पुढे रेटावं लागतं. टेबल उंच असेल तर कोपर वर उचललं जातं, वजन टाकता येत नाही आणि खांदा भरून येतो. म्हणून सुतारांमध्ये एक ठोकताळा चालत आला: सरळ उभं राहा, हात बाजूला सोडा, बोटांची पेरं जिथे येतात ती टेबलाची उंची. काकांच्या उंचीला हे माप साधारण ३० इंच येतं. व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नव्हता. अठराव्या शतकात पॅरिसच्या आंद्रे-जाकोब रूबो या सुतारानं आपल्या धंद्यावर मोठा ग्रंथ लिहिला (पहिला भाग १७६९). त्यातलं टेबलही असंच बुटकं आणि दणकट आहे. रोमन काळात तर बाकं त्याहून खाली होती. जर्मनीतल्या सालबुर्ग इथल्या रोमन किल्ल्याच्या विहिरीतून मिळालेलं बाक जेमतेम गुडघ्याएवढं आहे. त्यावर बसता यायचं, गुडघा टेकवून लाकूड दाबता यायचं.

आपल्याकडे तर टेबलच नव्हतं. आपला सुतार जमिनीवर बसायचा, लाकूड पायानं धरायचा आणि वाकसानं तासायचा. घरात चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, जेवण पाटावर. कामाच्या उंचीचा प्रश्न आपल्या आजोबांना पडलाच नाही. (याचा अर्थ ते सुखी होते असा नाही. आयुष्यभर उकिडवं बसलेल्या कारागिरांचे गुडघे मी तपासलेले आहेत.) पण त्यामुळे टेबल आलं तेव्हा त्याच्याबरोबर उंचीची समज आली नाही. उंची आयती आली, कधी परदेशी पुस्तकातून, कधी फर्निचरच्या दुकानातून.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वीडनमध्ये एक चांगली गोष्ट घडली. ओट्टो सालोमन या शिक्षकानं गोथेनबर्गजवळच्या नेस इथे शिक्षकांना सुतारकाम शिकवायला सुरुवात केली. मुलांना सुतार बनवायचं नव्हतं. हाताला, डोळ्याला आणि शरीराला वळण लावायचं होतं. करवत चालवताना, रंधा मारताना कसं उभं राहावं यावर सालोमन फार काटेकोर होते. शाळेतल्या सुतारकामानं मुलांची पाठ वाकता कामा नये, हा त्यामागचा विचार. देशोदेशींचे शिक्षक तिथे शिकून गेले.

तरी उंचीचा हिशेब खऱ्या अर्थानं मांडला तो एका गवंड्यानं. फ्रँक गिलब्रेथ १८८५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेत बॉस्टनला विटा रचायचं काम शिकू लागले. विटा आणि मसाला पायापाशी ठेवलेला, भिंत वर चढत चाललेली. प्रत्येक विटेसाठी कामगार खाली वाकणार आणि पुन्हा उभा राहणार. गिलब्रेथनी वरखाली करता येणारी परात तयार केली, विटा कमरेच्या उंचीवर आणून ठेवल्या आणि वाकणं काढूनच टाकलं. एका विटेमागे १८ हालचाली लागायच्या, त्या ५ वर आल्या. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे, की तासाला १२० विटा लावणारा कामगार ३५० लावू लागला. टेलरनी केलेला दुसरा हिशेब मला डॉक्टर म्हणून जास्त बोलका वाटतो: सुमारे सव्वादोन किलोची वीट उचलायला माणूस स्वतःचं ६८ किलोचं शरीर दोन फूट खाली नेतो आणि परत वर आणतो, दिवसातून जवळपास हजार वेळा. ओझं विटेचं नव्हतंच, स्वतःच्या धडाचं होतं. अर्थात मालकांना यात दिसला तो वेग. पाठ वाचली ती ओघानं.

फ्रँक यांच्या मृत्यूनंतर पत्नी लिलियन गिलब्रेथ यांनी हीच नजर स्वयंपाकघराकडे वळवली. ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरावी, असं त्यांचं म्हणणं होतं. कारखान्यांना ते परवडणारं नव्हतं. पुढच्या काळात अमेरिकेत ३६ इंचांचा ओटा सरसकट झाला आणि ज्या बाईसाठी हा सगळा अभ्यास झाला तिलाच त्या उंचीशी जुळवून घ्यावं लागलं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोजमापं जास्त नेमकी झाली. स्वीडनचे अल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून तिथला दाब मोजला. सरळ उभं असताना तो १०० धरला, तर पुढे वाकून उभं राहिल्यावर साधारण १५० होतो. आणि झुरिकचे एटिएन ग्रांजाँ यांनी कामाच्या उंचीसाठी शरीरावरची एक खूण पक्की केली: कोपर.

त्यांचा नियम आजही चालतो. सरळ उभं राहा, दंड अंगाशी सैल, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. रोज जी चप्पल घालून काम करता ती घालूनच मोजा. जिथे जोर लावायचा आहे, म्हणजे रंधा, ठोकाठोक, कणीक मळणं, तिथे हात कोपराखाली १५ ते ४० सेंटिमीटर असावेत. जोडणी, पॅकिंग अशा हलक्या कामाला १० ते १५ सेंटिमीटर खाली. आणि डोळे रोखून करायच्या बारीक कामाला कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर वर, मनगट किंवा कोपर टेकायची सोय करून. यातली मेख अशी, की ही उंची टेबलाची नसून हात जिथे चालतात तिथली आहे. सहा इंच जाडीचा ठोकळा टेबलावर ठेवलात, तर टेबल सहा इंचांनी खाली हवं.

परदेशी कोष्टकातले तयार आकडे मात्र उचलू नका. ते तिकडच्या शरीरांवरून काढलेले आहेत. भारतीय शरीराची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्ये पुस्तकरूपात आणली, त्यामागचं कारण हेच होतं. आपल्याला तर तेवढंही नको, घरातला टेप पुरतो.

आता काकांकडे येऊ. त्यांचं कोपर जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर, टेबल ७६ वर. फळीवर रंधा मारायला उत्तम. पण काका रंधा मारतच नव्हते! त्यांची लाकडं दुकानातून रंधून येत होती. बोटभर हत्तीचा कान कापायला ते ३४ सेंटिमीटर खाली वाकत होते. उंची परंपरेची होती, काम मात्र वेगळंच होतं.

टेबल मोडायची गरज पडली नाही. त्यांनी त्याच टेबलावर ठेवायला सव्वा फूट उंचीचं एक छोटं घट्ट टेबल बनवलं, त्यालाच व्हाइस बसवला. जोराचं काम खाली, बारीक काम वर. शिवाय अर्ध्या तासानं उठून एक फेरी, कारण नेमक्या उंचीवरही पुतळ्यासारखं उभं राहिलं तर रामाझ्झिनींचा स्थिर ताण आहेच. दीड महिन्यात कंबर थांबली. मान अजून कधीतरी धरते, विशेषतः फेरी चुकवली की.

एक सावधगिरी. हातापायात बधिरपणा किंवा मुंग्या, पकड ढिली पडणं, चालताना पाय ओढला जाणं, ताप किंवा वजन घटण्यासोबतचं पाठदुखणं, असं काही असेल तर टेबलाची मापं घेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, थेट रुग्णालयात.

मागच्या भेटीत काकूंनी स्वतःचं कोपर मोजून आणलं होतं: ९६ सेंटिमीटर. ओटा ८९ चा, बिल्डरनं दिलेला. कणीक मळताना खांदे वर चढतात आणि संध्याकाळी दुखतात, ही त्यांची कित्येक वर्षांची तक्रार. हिशेबानं त्यांना कणकेसाठी ८० च्या आसपास हवं. ओटा फोडता येणार नव्हता. म्हणून काकांनी चार इंच उंचीचा, न डगमगणारा, रुंद पाट बनवायला घेतला आहे. पाय घसरू नये म्हणून वर रबराची चटई ठोका, एवढंच मी सांगितलं.